खात नाही तरी वाढतं कसं? कोलेस्टेरॉलवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात सहज एक ओळ लिहून गेलो, की रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपण खाल्लेलं नसतं, आपल्याच शरीराने बनवलेलं असतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवलेत. काहींमध्ये काळजी आहे, काहींमध्ये राग, आणि एका पत्रात तर लाल पेनने फक्त दोन शब्द, "पुरावा द्या". देतो, थोडं पुढे.

प्रश्न: दीड वर्ष झालं, अंडी बंद, मांस बंद, दूधसुद्धा साय काढून घेते. तरी परवाच्या रिपोर्टमध्ये टोटल कोलेस्टेरॉल २३८. घरचे म्हणतात लपूनछपून खात असणार. एकदा तुम्हीच छापा काय ते.

उत्तर: छापतो ताई, घरच्यांना हे पान वाचायला द्या. शरीरात रोज साधारण पाऊण ते एक ग्रॅम कोलेस्टेरॉल नव्याने तयार होतं, आणि खाण्यातून येणारं, अगदी सगळं खाणाऱ्या माणसाचं धरलं तरी, दोनशे-तीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं (एका अंड्याच्या बलकात २०० च्या आसपास, त्यावरून अंदाज घ्या). आणि हे खाल्लेलंही सगळं रक्तात जात नाही, आतडं साधारण निम्मं उचलतं बाकीचं सोडून देतं, तेही सरासरीने, कुणाचं आतडं जास्त ओढतं कुणाचं कमी. शिवाय आतड्यात जे कोलेस्टेरॉल सापडतं त्यातलं बरंचसं जेवणातलं नसतंच, लिव्हरने पित्तातून सोडलेलं असतं. म्हणजे कडकडीत उपास केलात तरी आतड्यात कोलेस्टेरॉल आहेच.

बरं, खाणं कमी केलं की शरीर गप्प बसत नाही, पेशींना कमी पडतंय असं दिसलं की त्या बनवणं वाढवतात, आणि जास्त आलं की हात आखडता घेतात. म्हणून खाण्यातलं कोलेस्टेरॉल पूर्ण बंद करूनही रिपोर्टमधला आकडा बऱ्याच जणांचा फारसा हलत नाही. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षं "दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी" अशी अट होती, ती त्यांनी २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली.

मग खाण्याचा काहीच संबंध नाही का, तर आहे, पण तो दुसऱ्या दाराने येतो. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे साय, लोणी, मांसातली चरबी यात जे भरपूर असतं ते, लिव्हरच्या पेशींवरची कोलेस्टेरॉल आत घ्यायची दारं कमी करतं, आणि दारं कमी झाली की माल रक्तातच फिरत राहतो. त्यामुळे साय काढलीत ते बरंच केलंत, फक्त एवढ्यावर सगळं सुटेल ही अपेक्षा चुकीची होती.

प्रश्न: मी बारावीला आहे. पुस्तकात "यकृतात तयार होते" एवढंच दिलंय. पण कशापासून? रोज ग्रॅमभर बनतं म्हणजे कच्चा माल लागणारच ना?

उत्तर: शाब्बास, असा प्रश्न वर्गातही विचारत जा. आधी एक दुरुस्ती, लिव्हर हा मोठा कारखाना खरा, आतडंही बरंच बनवतं, पण केंद्रक असलेली जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःपुरतं कोलेस्टेरॉल बनवू शकते. रक्तातल्या तांबड्या पेशींना ते जमत नाही कारण त्यांच्याकडे केंद्रकही नाही आणि ती यंत्रणाही नाही.

कच्चा माल म्हणजे ॲसिटिल कोए नावाचा दोन कार्बनचा छोटासा तुकडा. साखर खा, पीठ खा, तेल खा, प्रोटीन खा, पेशीत त्याची मोडतोड होऊन बरंचसं शेवटी याच तुकड्यावर येऊन पोचतं, मग तो जाळून ऊर्जा काढायची, चरबी करून साठवायची की कोलेस्टेरॉल बनवायचं हे पेशी त्या वेळच्या गरजेप्रमाणे ठरवते. असे तीन तुकडे जोडले की सहा कार्बनचं मेव्हालोनेट बनतं, ते बनवणाऱ्या एन्झाइमचं नाव एचएमजी-कोए रिडक्टेज, हे नाव लक्षात ठेव कारण पुढे गोळीच्या प्रश्नात हेच परत येणार आहे. सगळ्या साखळीचा वेग ही एक पायरी ठरवते, बाकीचे नळ कितीही उघडे असले तरी मेन कॉक हा.

मेव्हालोनेटमधून एक कार्बन वायू होऊन निघून जातो, उरतो पाच कार्बनचा तुकडा. असे सहा तुकडे एकापुढे एक जोडले की तीस कार्बनची लांबलचक दोरी होते, तिचं नाव स्क्वालीन. हे नाव शार्क माशाच्या एका जातीवरून पडलंय, कारण ते पहिल्यांदा शार्कच्या लिव्हरच्या तेलात सापडलं. आता खरा चमत्कार इथे आहे, निदान मला तरी इतकी वर्षं शिकवूनही तो चमत्कारच वाटतो: दोरीच्या एका टोकाला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवला जातो, मग एक एन्झाइम ती सगळी दोरी घडी घालून धरतं आणि एका झटक्यात तिची चार कडी बनवतं, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी. तयार झालेल्या रेणूचं नाव लॅनोस्टेरॉल. त्यानंतर मात्र सगळी किरकिऱ्या कारागिराची कामं, इथला कार्बन काढ, तिथला बंध हलव, असं करत करत जवळपास एकोणीस पायऱ्यांनी तीन कार्बन कमी होतात आणि सत्तावीस कार्बनचं कोलेस्टेरॉल हातात येतं. एका रेणूमागे ॲसिटिल कोएचे अठरा तुकडे आणि सुरुवातीपासून मोजल्या तर एकूण तीसेक पायऱ्या. एवढा खटाटोप शरीर निरुपयोगी गोष्टीसाठी करेल का, तूच सांग.

आणि लाल पेनवाले साहेब, पुरावा. कोनराड ब्लॉख आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी १९४२ च्या सुमारास प्राण्यांना जड हायड्रोजनची खूण केलेलं ॲसिटेट (ॲसिटिल कोएमधला तोच दोन कार्बनचा तुकडा) दिलं, ती खूण त्यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये सापडली. पुढे कार्बनवरच खुणा करून एकेका अणूचा माग काढला गेला, ॲसिटेटच्या दोन कार्बनपैकी एका टोकाचे १५ आणि दुसऱ्या टोकाचे १२ असा सत्तावीसच्या सत्तावीस कार्बनचा हिशोब लागला. खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा यात काडीचा संबंध नाही. ब्लॉख आणि जर्मनीचे फेओडोर लिनेन यांना या कामासाठी १९६४ चं नोबेल मिळालं.

जाता जाता, कीटकांना हे सगळं येत नाही. त्यांना हे स्टेरॉल बनवताच येत नाही, ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. तेव्हा "कोलेस्टेरॉल फक्त खाण्यातून येतं" हे वाक्य झुरळाच्या बाबतीत खरं आहे.

प्रश्न: रक्तातलं कोलेस्टेरॉल शून्य केलं तर सगळ्यात उत्तम ना? मग डॉक्टर शून्याचं टार्गेट का देत नाहीत?

उत्तर: शून्य केलंत तर पत्र लिहायला तुम्ही उरणार नाही. प्रत्येक पेशीभोवती जो पातळ पडदा असतो तो फॅटच्या रेणूंचा, आणि त्या रेणूंच्या मधे मधे कोलेस्टेरॉल पाचरीसारखं बसलेलं असतं. तापमान वाढलं की पडदा फार ढिला पडू देत नाही, कमी झालं की गोठून कडक होऊ देत नाही, दोन्हीकडून सांभाळतं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या मेंदूत, कारण नसांवर जे मायलिनचं वेष्टण असतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं, त्यात ते ठासून भरलेलं असतं. आणि मेंदू रक्तातलं कोलेस्टेरॉल घेतच नाही म्हटलं तरी चालेल, मधली भिंत ते येऊ देत नाही, तो स्वतःचं स्वतः बनवतो. म्हणून "गोळीने रक्तातलं कमी झालं की मेंदू उपाशी" असं जे फॉरवर्ड फिरतं ते वाचून घाबरू नका.

याशिवाय कॉर्टिसॉल, शरीरातलं मीठपाणी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही सगळी हार्मोन्स कोलेस्टेरॉलची शेपटी छाटून बनतात. त्यांना माल अगदी थोडा लागतो, काही मिलिग्रॅममध्ये काम भागतं, पण तो लागतोच. व्हिटॅमिन डीचं तर असं आहे की कोलेस्टेरॉल पूर्ण व्हायच्या एक पायरी आधीचा रेणू कातडीत असतो, त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं एक कडं तुटतं आणि त्यातून व्हिटॅमिन डी तयार होतं.

ती शेवटची पायरी करणारं एन्झाइम काही बाळांमध्ये जन्मतःच अधू असतं, स्मिथ-लेमली-ओपिट्झ सिंड्रोम म्हणतात त्याला. कोलेस्टेरॉल पुरेसं बनत नाही, आणि बाळाच्या मेंदूत, चेहऱ्यात, हातापायांच्या बोटांत दोष राहतात, कारण पोटातल्या बाळाचा आकार ठरवणारं एक महत्त्वाचं प्रोटीन असं आहे की त्याला कोलेस्टेरॉलचा रेणू चिकटवल्याशिवाय ते नीट कामच करत नाही. याच्यापुढे शून्याचा विषय काढू नका.

पण, आणि हे पण मोठं आहे, पेशींना ते लागतं म्हणून रक्तात भरपूर पाहिजे असं मात्र होत नाही. पेशी आपलं आपण बनवतात, रक्तात थोडं असलं तरी भागतं. पीसीएसके९ नावाच्या प्रोटीनचा जीन बिघडल्यामुळे जन्मापासून एलडीएल (ज्याला "वाईट" कोलेस्टेरॉल म्हणतात ते) अगदी कमी असलेली माणसं सापडली आहेत आणि ती ठणठणीत आहेत.

प्रश्न: वजन कमी करायला कॅलरी जाळतो तसं कोलेस्टेरॉल जाळायला रोज किती किलोमीटर चालावं लागेल?

उत्तर: काका, कितीही चाला, ते जळत नाही. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण सगळी मेख इथेच आहे. चरबी जळते, साखर जळते, पण कोलेस्टेरॉलची ती चार कडी फोडून त्यातून ऊर्जा काढायचं तंत्र माणसाच्या शरीराकडे नाहीच. तीसेक पायऱ्या चढून बनवलेली वस्तू आणि मोडायची सोय नाही. मग जास्तीचं बाहेर टाकायचं कसं? मुख्य वाट एकच, लिव्हर, तिथून पित्त, तिथून आतडं आणि संडास.

लिव्हर काही कोलेस्टेरॉल तसंच पित्तात सोडतं आणि बाकीच्याचं पित्ताम्ल बनवतं. पित्ताम्ल म्हणजे शरीराचा भांडी घासायचा साबण समजा, जेवणातलं तेल त्याने विरघळतं आणि पचतं. पण शरीर इतकं कंजूष आहे की हा साबणसुद्धा वाया जाऊ देत नाही, आतड्याच्या शेवटी साधारण ९५ टक्के परत शोषून लिव्हरकडे पाठवतं, आणि हाच दोन-चार ग्रॅमचा साठा दिवसातून सहा ते दहा वेळा फिरतो. रोज जेमतेम अर्धा ग्रॅम पित्ताम्ल निसटतं, तेवढं भरून काढायला लिव्हर नवं कोलेस्टेरॉल खर्च करतं. आता लक्षात येईल ओट्ससारख्या पदार्थांतला विरघळणारा फायबर काय करतो, तो आतड्यात हा साबण धरून ठेवतो आणि बाहेर नेतो, मग लिव्हरला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून नवा साबण करावा लागतो. पित्ताम्ल बांधून ठेवणारी जुनी औषधंही याच युक्तीवर चालतात.

आणि पित्तात कोलेस्टेरॉल जास्त आणि साबण कमी झाला की ते विरघळत नाही, खडे होतात. पित्ताशयातले बरेचसे खडे कोलेस्टेरॉलचेच. किंबहुना त्याचा शोधच खड्यातून लागला, फ्रान्समध्ये अठराव्या शतकात, आणि नंतर शेव्हरूल नावाच्या केमिस्टने नाव ठेवलं ते ग्रीक भाषेतल्या पित्त आणि घट्ट या दोन शब्दांवरून. हे शेव्हरूल स्वतः १०२ वर्षं जगले.

चालणं मात्र सोडू नका. चालण्याने एलडीएल फार उतरत नाही पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, उतरतं, एचडीएल ("चांगलं" म्हणतात ते) थोडं वाढतं, शुगर आणि बीपीला फायदा तो वेगळाच.

प्रश्न: चांगलं कोलेस्टेरॉल आणि वाईट कोलेस्टेरॉल यांच्या रेणूत फरक काय?

उत्तर: काहीही नाही. रेणू तोच, गाडी वेगळी. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही म्हणून रक्तातून नेताना त्याला प्रोटीन आणि फॅटच्या बारीक गोळ्यांत भरावं लागतं, एलडीएल आणि एचडीएल ही त्या गोळ्यांची नावं. एलडीएल लिव्हरकडून आलेला माल पेशींकडे नेतं, आणि पेशीवर त्याच्यासाठी रिसेप्टर नावाची दारं असतात, ती एलडीएलला धरून आत ओढतात आणि परत वर येऊन उभी राहतात, साधारण दहा मिनिटाला एक फेरी. ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीने हे दार शोधून काढलं, त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. लिव्हरने रक्तातलं एलडीएल वेळेत उचललं नाही तर त्या गोळ्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत घुसून अडकतात, तिथे त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, त्याही फुगून तिथेच बसतात, आणि वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं की थर साचतो. एचडीएल उलट दिशेने, पेशींकडचं उचलून लिव्हरकडे. पण औषधांनी एचडीएलचा आकडा वाढवून हार्ट ॲटॅक कमी होतील ही आशा बऱ्याच मोठ्या ट्रायल्समध्ये फोल ठरली, म्हणून "माझं चांगलं भरपूर आहे, वाईटाचं काही नाही" असा हिशोब करू नका.

प्रश्न: माझी गोळी डॉक्टरांनी रात्री घ्यायला सांगितली, बहिणीची सकाळी. कुणाचा डॉक्टर चुकतोय?

उत्तर: कुणाचाच नाही. शरीर कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री, मध्यरात्रीच्या आसपास बनवतं. सिम्व्हास्टॅटिनसारखी गोळी काही तासांतच शरीरातून उतरते म्हणून रात्री, अटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन लांब टिकतात म्हणून कधीही, फक्त रोज एकाच वेळेला.

या सगळ्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात, आणि ही मंडळी वर सांगितलेल्या त्या मेन कॉकवर, रिडक्टेजवर, बसून त्याला अडवतात. जपानच्या अकिरा एंडो यांना वाटलं की बुरशी जंतूंशी लढताना असलं काही बनवत असेल, म्हणून त्यांच्या टीमने हजारो बुरशींचा रस तपासला आणि १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन मिळालं, फळांवर येते तसल्या निळसर-हिरव्या पेनिसिलियममधून. उंदरांना दिलं तर काहीच फरक नाही! प्रकरण तिथेच संपायचं, पण मग ते अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना दिलं आणि आकडा धाडकन उतरला. पुढे दुसऱ्या एका बुरशीतलं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं.

गोळी बनवणं कमी करते एवढंच लोकांना माहीत असतं, पण खरा फायदा त्याच्या पुढचा आहे. लिव्हरच्या पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की पेशीतला एक पहारेकरी प्रोटीन तुटून केंद्रकात जातो आणि हुकूम देतो की दारं वाढवा. दारं वाढली की लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणजे रक्त साफ होतं ते मुख्यतः लिव्हरच्या या भुकेमुळे. म्हणून गोळी मनाने बंद केलीत की दोन-चार आठवड्यांत आकडा जिथल्या तिथे.

प्रश्न: तेलाच्या बाटलीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं तेलच घ्यावं का?

उत्तर: वनस्पतीच्या कुठल्याही तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. पाण्याच्या बाटलीवर "हाडं नाहीत" लिहिण्यासारखं आहे हे. सॅच्युरेटेड फॅट किती ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं, ते वाचा.

प्रश्न: मुलीला सातवा महिना आहे, कोलेस्टेरॉल २६० आलं, सगळे घाबरलो.

उत्तर: गरोदरपणात ते वाढतंच, वार (प्लासेंटा) त्यातूनच प्रोजेस्टेरॉन बनवते आणि बाळाच्या पेशींनाही ते लागतं. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांनी परत तपासा.

प्रश्न: वर्षात वजन वाढलं, सतत थकवा, थंडी वाजते, आणि कोलेस्टेरॉल १९० वरून २७०. खाणं तेच आहे.

उत्तर: थायरॉइड तपासलंत का? थायरॉइड हार्मोन कमी पडलं की लिव्हरवरची तीच दारं कमी होतात. थायरॉइडचा उपचार सुरू झाला की बऱ्याचदा कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं, त्यामुळे आधी ती तपासणी.

प्रश्न: वय ३१, अंगाने सडपातळ, रोज पळतो, एलडीएल मात्र २१५. वडील एकेचाळिसाव्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेले. मित्र म्हणतात लॅबची चूक असेल.

उत्तर: एकदा परत तपासून खात्री करायला हरकत नाही, पण मला ही लॅबची चूक वाटत नाही. वडिलांचं वय आणि तुमचा आकडा एकत्र ठेवले की पहिला संशय फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाचा येतो. यात एलडीएलच्या दाराचा जीन आईकडून किंवा वडिलांकडून बिघडलेला येतो, निम्मी दारं कामाची राहतात आणि एलडीएल जन्मापासूनच दुपटीच्या आसपास असतं. फार दुर्मिळ वगैरे नाही, साधारण अडीचशे माणसांत एकाला. पळून किंवा पथ्याने एवढा फरक भरून निघत नाही, आणि तुमच्या रक्तवाहिन्यांनी हा आकडा एकतीस वर्षं सोसलाय, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडे या महिन्यातच जा, पुढच्या वर्षीच्या चेकअपची वाट बघू नका. दोन्ही आकडे आणि वडिलांची माहिती कागदावर लिहून न्या. डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरकी कडी किंवा टाचेच्या वरच्या दोरीवर गाठ आहे का तेही आरशात बघून ठेवा, डॉक्टर विचारतील. आणि सख्खी भावंडं असतील, मुलं असतील, तर त्यांचंही लिपिड प्रोफाइल करून घ्या, प्रत्येकाला हे असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे.